तिसऱ्या घरातली गोदाक्का

नाटकाच्या तालमी सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. शाळा सुटली की बाकं भिंतीकडे सरकवायची, सतरंजी अंथरायची आणि नईमभाईंची वाट बघायची. नईमभाई मिरजेहून येत. दिवसभर दुकानात तंबोऱ्यांना तारा चढवणारा हा शांत माणूस तालमीत मात्र कुणाला सोडत नसे.

यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांनी ‘बारावं घर’ काढलं होतं. नाटक जुनं, साठेक वर्षांपूर्वीचं. त्यांच्या हौशी नाटक मंडळानं ते आधी दोनदा केलेलं. गावात प्लेग आलाय. एका गल्लीत बारा घरं आहेत. कुणीतरी परकी बाई आजारी मुलीला कडेवर घेऊन येते आणि एकेक दार वाजवत जाते. ही बाई प्रेक्षकांना शेवटपर्यंत दिसत नाही. दारावरची थाप आणि तिचा आवाज, एवढंच. प्रत्येक घर काहीतरी कारण सांगून तिला पुढच्या दाराकडे पाठवतं. बाराव्या घराला कुलूप असतं. सकाळी गल्लीतली माणसं बाहेर येतात आणि गुपचूप आपापली दारं धुवायला लागतात. तिथं पडदा.

राजेश्वरीकडे तिसऱ्या घरातल्या गोदाक्काचं काम होतं. ती बँकेत होती, विश्रामबागेत तिचं आणि नवऱ्याचं स्वतःचं घर होतं, आणि वीस वर्षं ती या मंडळात मन लावून काम करत आली होती.

त्या संध्याकाळी नईमभाईंनी वाचन थांबवलं. म्हणाले, “आज प्रत्येकानं आपल्या पात्राची बाजू मांडायची. माझं पात्र वाईट आहे, असं म्हणायचं नाही. वाईट माणूस स्वतःला वाईट समजत नसतो. तो बरोबर का आहे, ते सांगा.”

आठव्या घराचा मालक करणारा जयराज म्हणाला, “माझ्या घरात आधीच पाहुणे आहेत. त्यांच्यात लहान पोरं आहेत. साथीच्या दिवसांत मी बाहेरचं माणूस आत घेतलं आणि त्यातलं एक पोर गेलं तर? मी माझ्या माणसांना जबाबदार आहे, गल्लीला नाही.”

राजेश्वरीची पाळी आली तेव्हा ती सावरून बसली. तिनं विचार करून ठेवला होता.

“गोदाक्का या बारा जणांतली सगळ्यात चांगली बाई आहे. ती दार लावून घेत नाही. खिडकीतून भाकरी देते, पोरीला पाणी देते. घरात सासरे आहेत, त्यांच्यापुढं तिचं चालत नाही. मग ती म्हणते, ‘पुढच्या घराची ओसरी मोठी आहे गं, तिथं तुझी सोय होईल.’ तिला जेवढं करता आलं, तेवढं तिनं केलं. मला तर तिच्यात दोष दिसत नाही.”

“मला दिसतो,” आसिया म्हणाली.

आसिया मंडळात नवीन होती. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि नाटकात न दिसणाऱ्या त्या बाईला आवाज देत होती.

“मी ती बाई आहे ना? मग मला विचारा. मला सगळ्यात जास्त राग गोदाक्काचा येतो. पहिल्या दोघांनी तोंडावर दार लावलं. मला कळलं, इथं काही मिळणार नाही. मी परत फिरणार होते. वेशीबाहेरच्या धर्मशाळेत गेले असते. पण या बाईनं गोड बोलून मला पुढं पाठवलं. ती म्हणाली म्हणून मी आणखी नऊ दारं वाजवली. आणि तिनं सासऱ्यांना विचारलंय कुठं? संहितेत सासरे एकदाही बोलत नाहीत. ती आत जात पण नाही. तिनं न विचारताच ठरवलं.”

राजेश्वरीनं पान उलटून पाहिलं. खरंच, सासऱ्यांच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. इतक्या वाचनांत ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

जयराज हसला. “नानासो असते तर त्यांनी तुला बरोबर उत्तर दिलं असतं. दोन्ही वेळा पाचव्या घरातला म्हातारा त्यांनीच केला होता. अख्खं नाटक पाठ.”

“कोण नानासो?” आसियानं विचारलं.

“आमचे जुने नट,” नईमभाई म्हणाले. “एसटीत कंडक्टर होते. बायको गेली, मूलबाळ नाही. हल्ली वाक्यं विसरायला लागले म्हणून यंदा त्यांना घेतलं नाही.”

“आता कुठं असतात?”

सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग जयराज म्हणाला, “ऑगस्टात पूर आला तेव्हा मला फोन आला होता त्यांचा. त्यांची खोली नदीकाठी. चार दिवस राहायला येऊ का म्हणत होते. पण माझ्याकडं बहिणीचं सगळं घर आलं होतं. मी म्हटलं, नईमभाईंना विचारा, मिरजेला पुराचं पाणी येत नाही.”

“मला आला होता फोन,” नईमभाई हळू आवाजात म्हणाले. “माझ्या घरी सांगलीच्या गिऱ्हाइकांनी पुराच्या भीतीनं तंबोरे आणून ठेवले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हणालो, राजेश्वरीताईंचं घर सगळ्यात जवळ आहे, तिकडं जा.”

दोघांनीही राजेश्वरीकडं पाहिलं.

“मला त्यांनी सगळ्यात आधी फोन केला होता,” ती म्हणाली. “मीच सांगितलं, जयराजचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथं बघा.”

यात खोटं काही नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. त्याच दिवशी दुपारी नानासोंचा दुसरा फोन आला होता. नईमभाईंशी बोलून झाल्यावर केलेला असणार. राजेश्वरी ओट्यापाशी उभी होती. फोनच्या पडद्यावर नाव दिसत होतं, फोन वाजत होता, आणि ती तो बंद होण्याची वाट बघत उभी राहिली होती. हे तिनं हॉलमध्ये सांगितलं नाही.

नईमभाईंनी तिथंच नानासोंना फोन लावला. बंद होता. त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर राजेश्वरी नानासोंच्या गल्लीत गेली. पुराची ओल अजून भिंतींवर होती. नानासोंच्या खोलीला कुलूप होतं, आणि शेजारच्या खोलीलाही. समोरच्या किराणा दुकानदारानं सांगितलं, “ते व्हय, पूर ओसरला तवाच गेले कोयनानगरला. भाची असते तिथं. कॉलनीत.”

रविवारी ती एसटीनं निघाली. कराडला गाडी बदलली, पाटणच्या पुढं नदीच्या कडेनं वळणं सुरू झाली. खिडकीशी बसून ती काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होती. ‘तब्येत बरी नव्हती’ म्हणता आलं असतं. ‘फोन सायलेंटवर होता’ म्हणता आलं असतं. नाटकात इतकी वर्षं काढल्यावर तिला हे सहज जमलं असतं, आणि त्याचीच तिला शरम वाटत होती.

भाचीचं नाव अंकिता. नवरा धरणावर कामाला, म्हणून कॉलनीत क्वार्टर मिळालेलं. नानासो अंगणात खुर्चीवर स्वेटर घालून बसले होते. खूप वाळले होते. राजेश्वरीला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आवं ताई, एवढ्या लांब आला! अंकिता, च्या टाक गं. ह्या आमच्या मंडळातल्या.” आणि ती बसते न बसते तोच, “यंदा कुठलं नाटक काढलंय?”

“बारावं घर.”

“आं? लय चांगलं. गोदाक्का कोण करतंय?”

“मी.”

“चांगलं काम हाय ते,” नानासो मनापासून म्हणाले. “मायाळू बाई.”

चहा आला. अंकिता आत गेली. राजेश्वरीनं कप खाली ठेवला.

“नानासो, पुराच्या वेळी तुमचा दुसरा फोन मी बघितला होता. मी मुद्दाम उचलला नाही.”

“म्हाईत हाय,” नानासो म्हणाले. “पोहोचला न्हाई आन् उचलला न्हाई, ह्यातला फरक कळतो की माणसाला.”

“माझ्याकडे खोली रिकामी होती. पाहुणे नव्हते, काही नव्हतं. तुम्ही आलात आणि राहिलातच, तर परत जा कसं म्हणायचं, याची मला भीती वाटली. घरात मी कुणाला विचारलंसुद्धा नाही.”

नानासो समोरच्या डोंगराकडं बघत राहिले. ती त्यांच्या रागाची वाट बघत होती. राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“मीबी राहिलोच असतो बगा,” ते म्हणाले. “तुमची भीती काय खोटी न्हवती. ते जाऊ द्या. मला रात्री झोप येत न्हाई ती त्यापाय न्हाई.”

मग त्यांनी धोंडुबाईचं सांगितलं. ती त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायची. भाजी विकायची. गुडघे गेलेले, पण जीभ धारदार. पाणी वाढायला लागलं तेव्हा महापालिकेची माणसं गल्लीत सांगत आली, छावणीत न्यायला गाडी उभी आहे, म्हाताऱ्या माणसांनी आधी चला. धोंडुबाई गाठोडं बांधून उंबऱ्यावर आली होती.

“मी तिला म्हणालो, मावशी, छावणीत कशाला हाल करून घेतीस. तिथं पाठ टेकाय जागा मिळत न्हाई. माझी नाटकातली माणसं हायत. लय मोठी माणसं हायत, घरं हायत त्यांची. आत्ता फोन लावतो, गाडी यील, दोगंबी जाऊ. ती माझ्या शब्दावर थांबली. गाडी गेली.”

नानासोंनी स्वेटरची बाही खाली ओढली.

“तुमचे सगळ्यांचे फोन झाले. तरी मी तिला म्हणत व्हतो, यील, कुणीतरी यीलच. मला लाज वाटत व्हती, ताई. इतकी वर्सं तिला तुमच्या गोष्टी सांगितलेल्या. कुणी येत न्हाई, हे कसं सांगू? रातभर माळ्यावर बसलो दोगं. खाली भांडी तरंगत व्हती. सकाळी बोट आली तवा तिला खिडकीतनं खाली सोडताना माझा हात निसटला. बोटीच्या काठावर आपटली. खुब्याचं हाड मोडलं.”

“आता कुठं आहेत त्या?”

“मिरजेत. केरबा म्हणून पुतण्या हाय, त्याच्याकडं. मी एकदाबी बघाय गेलो न्हाई. मला ताप आला व्हता, ते खरं. पर ताप कवाच उतरला.” त्यांनी प्रथमच तिच्याकडं सरळ पाहिलं. “तुमी मला म्होरं धाडलं. मी तिला थांबवून ठिवलं. ह्यातलं वंगाळ कंचं, सांगा.”

संध्याकाळच्या गाडीनं राजेश्वरी सांगलीला परत आली.

सोमवारच्या तालमीत तिनं सगळं सांगितलं, न उचललेल्या फोनसकट. नईमभाई मान खाली घालून ऐकत होते. जयराज मात्र उसळला. “हे बघा, वाईट मलाही वाटतंय. पण गाडी आली होती, छावणी होती. त्यांनीच त्या बाईला थांबवलं. आपण काय सरकार आहोत? पुरात प्रत्येकजण आपलं बघत होता.”

“आठव्या घराचा मालक हेच म्हणतो,” आसिया म्हणाली.

जयराज उठून बाहेर गेला. पुढं तो तालमीला नियमित आला, पण नानासोंचा विषय निघाला की काहीतरी काम काढायचा. राजेश्वरीला त्याचा राग आला नाही. आसिया बोलली नसती, तर ती स्वतःही असंच काही बोलली असती.

धोंडुबाईकडं जायला तिलाही आठवडा लागला. केरबाचं घर मिरज स्टेशनच्या पलीकडं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. आत पलीकडच्या भिंतीला लागून खाट होती आणि खाटेवर धोंडुबाई. बारीक चणीची, पांढरे केस घट्ट बांधलेले. केरबा कामावर गेला होता.

“कोण गं तू? दवाखान्यातली?”

“नाही. मी सांगलीहून आलेय. नानासो ज्या नाटक मंडळात होते, तिथली.”

धोंडुबाईनं तिला खालीवर न्याहाळलं. साडी, पर्स, हातातली फळांची पिशवी.

“म्हंजे ज्यांची गाडी येणार व्हती, ती माणसं.”

“हो.”

“मी रातभर तुमच्या गाडीची वाट बघितली. नानासो म्हनत व्हता, एक ताई हाय, लय जीव लावती. तीच का तू?”

राजेश्वरीला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. शेवटी तिनं होकाराची मान हलवली.

“मग का आली न्हाईस?”

“मला त्रास नको होता, मावशी. दुसरं कारण नाही.”

धोंडुबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. राजेश्वरी पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. बाहेर कुठली तरी गाडी स्टेशनातून सुटली, तिचा धडधडाट पत्र्याला लागला आणि ओसरला.

“त्यो कुठं हाय?” धोंडुबाईनं भिंतीकडं बघतच विचारलं.

“कोयनानगरला. भाचीकडं. त्यांना तुमच्यापुढं यायची लाज वाटते.”

“लाज वाटती म्हनून तिकडं डोंगरात जाऊन बसला? त्याला सांग, मी रागावलीया. लय रागावलीया. हितं यावं आन् ऐकून घ्यावं. निरोपानं न्हाई बोलायची मी.”

राजेश्वरी निघाली तेव्हा धोंडुबाई म्हणाली, “फळं ठिव तिथं. आन् ती पर्स घिऊन उभी ऱ्हाऊ नगंस पुन्यांदा. बसत जा.”

घरी जाऊन राजेश्वरीनं नवऱ्याला सांगितलं, नानासोंना आपल्याकडं आणायचंय. इतके दिवस तिनं न विचारताच जो नकार धरून ठेवला होता, तो आलाच नाही. नवरा म्हणाला, “आण की. खोली रिकामीच आहे.” एवढंच. ते ऐकून ती आत जाऊन रडली. ऑगस्टातही तो हेच म्हणाला असता.

नानासो आले. पहिल्याच दिवशी नईमभाई त्यांना आणि राजेश्वरीला मिरजेला घेऊन गेले. नानासो दारात चप्पल काढून उभे राहिले. धोंडुबाईनं त्यांना बसा म्हटलं नाही. ती जे बोलली ते बोलायला तिला बराच वेळ लागला. भाजीच्या टोपलीपासून मोडलेल्या हाडापर्यंत, रात्रभर ऐकलेल्या खोट्या आशेपासून दवाखान्यात एकटीनं काढलेल्या दिवसांपर्यंत सगळं बोलून झालं. नानासो ऐकत राहिले. मधे त्यांनी एकदा “व्हय मावशी” म्हटलं, तर ती म्हणाली, “मधी बोलू नगंस.” शेवटी दमून तिनं पाणी मागितलं. नानासोंनी माठातलं पाणी आणून दिलं. ती प्यायली आणि म्हणाली, “वाळलास लय.”

नानासो राजेश्वरीकडं महिनाभराहून अधिक राहिले. ते पहाटे उठत, खोकत, बागेत बिडी ओढत, आणि ती ऑफिसातून आली की बोलायला बसत. तिला भीती वाटली होती, तसंच सगळं झालं. एका संध्याकाळी कपडे वाळत घालताना ती मनात हिशेब करत असल्याचं तिच्या लक्षात आलं, की यांची खोली कधी दुरुस्त होईल. हातातला सदरा तसाच ठेवून ती पायरीवर बसली. एवढं सगळं होऊनही गोदाक्का तिच्यातून गेली नव्हती.

तालमीत तिचं काम बिघडायला लागलं. ओसरीचं वाक्य आलं की तिचा आवाज भरून येई. नईमभाईंनी तिला बाजूला घेतलं.

“ताई, रडायचं नाही. तुम्हाला कळलंय, गोदाक्काला कळलेलं नाही. तिला वाटतं आपण पुण्य केलं. ते वाक्य मायेनंच आलं पाहिजे.”

म्हणून ती रोज ते वाक्य मायेनं म्हणायला लागली. खिडकीतून वाकून, भाकरी देत, प्रेमळ आवाजात आसियाला पुढं पाठवायची. पलीकडं अंधारातून आसिया म्हणायची, “देव तुमचं भलं करो, आक्का.” तेवढं ऐकून राजेश्वरीला खिडकी लावायची असे.

स्पर्धेत सांगली केंद्रावर नाटकाचा दुसरा क्रमांक आला. राजेश्वरीला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांतल्या एक बाई तिचा हात धरून म्हणाल्या, “काय सोज्वळ उभी केलीत हो गोदाक्का! त्या दुष्ट गल्लीत तेवढाच एक आधार.” राजेश्वरीला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण मागं लोक थांबले होते आणि बाई पुढं सरकल्या होत्या.

नानासोंना नंतर मिरजेतच, केरबाच्या घराजवळ खोली मिळाली. ती केरबानंच बघून दिली. निघताना राजेश्वरी म्हणाली, “अजून राहा.” तिनं ते मनापासून म्हटलं की कसं, हे तिचं तिलाही ठरवता येईना. नानासो हसून म्हणाले, “राहिलो की लय. आता तिकडं गरज हाय.” ते रोज धोंडुबाईची भाजी निवडून देतात आणि तिच्याकडून बोलणी खातात.

राजेश्वरी रविवारी जाते. दवाखान्यातल्या माणसांनी धोंडुबाईला रोज थोडं चालवायला सांगितलंय. आसियानं राजेश्वरीला कुठं धरायचं, कुठं सोडायचं ते शिकवलंय. धोंडुबाई तिच्याशी अजून कधी गोड बोललेली नाही. राजेश्वरीची तशी अपेक्षाही नाही.

परवाच्या रविवारी त्या दोघी खाटेपासून दारापर्यंत गेल्या. धोंडुबाईचा सगळा भार राजेश्वरीच्या खांद्यावर होता. दाराशी पोचल्यावर राजेश्वरी म्हणाली, “झालं मावशी, आता परत फिरूया.”

“तुला घाई हाय व्हय?”

“नाही.”

“मग थांब जरा. मला बाहेर बघू दे.”

राजेश्वरी तिला धरून दारात उभी राहिली.